पाचवी गोळी

हेमलता माहेराहून परत येईल तेव्हा तिला ताज्या पिठाच्या पोळ्या करून घालाव्यात, असं उमाकांतला रविवारी सकाळी दाढी करता करता वाटलं. (चांगले विचार त्याला दाढी करतानाच सुचत, आणि दर वेळी कुठेतरी कापे.)

उमाकांत कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्राच्या नकाशातली केसाएवढी चूक त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरात मात्र पाच जिन्नस आणायला सांगितले तर तो चार आणी, आणि मोज्यांचा पुरा जोड त्याला लग्नानंतर एकदाही सापडला नव्हता. "तुमचं शोधणं नेहमी एकानं कमी," हेमलता म्हणे. आज तिला चकित करायचं होतं. संध्याकाळच्या गाडीने ती यशवंतपूर स्टेशनवर उतरणार होती.

साल पासष्ट. बंगळूरात तांदूळ रेशनवर आला होता. गहू म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, असं पिढ्यान्‌पिढ्या मानणारी मल्लेश्वरमची घरंही आता निमूट गहू घेत होती. हेमलताने निवडून, ऊन दाखवून डबाभर गहू ठेवला होता. उमाकांतने त्यातला अर्धा पिशवीत ओतला आणि कोपऱ्यावरच्या कृष्णमूर्तीच्या गिरणीतून दळून आणला. पीठ कसं झालंय ते बघावं म्हणून चार पोळ्या लाटल्या आणि खाल्ल्या. (आकार पोटात गेल्यावर एकच होतो.)

तेवढ्यात खालून घरमालकीण सावित्रीबाई ताटली घेऊन आल्या. त्यांचे यजमान गुंडूराव तीन पिढ्या बंगळूरचे. चिकपेटेत कापडाचं दुकान, आणि रक्तात साखर. डॉक्टरांनी भात तोडून पोळी दिली होती.

"वास आला म्हणून आले हो. ह्यांना स्वल्प दोन-तीन द्या. हेमलता गेल्यापासून ह्यांचे हाल आहेत. माझी पोळी ह्यांच्या घशाखाली उतरत नाही."

उमाकांतने फुशारून आणखी तीन पोळ्या लाटून दिल्या.

साडेबाराला स्टेशनवर जायचा सदरा काढायला त्याने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला हेमलताने जाताना चिकटवलेली यादी होती. तीन आठवड्यांत ती त्याने आजच वाचली. दूधवाला, इस्त्रीवाला, तुळशीला पाणी. आणि चौथं कलम: 'गव्हात पोरकिडे होऊ नयेत म्हणून पाऱ्याच्या पाच गोळ्या घातल्या आहेत. दळायला देण्याआधी पाचही काढा. पारा पोटात जाता कामा नये.' 'पाचही'च्या खाली दोन रेघा.

उमाकांतने उरलेला गहू चादरीवर ओतला. गुडघे टेकून, दाणा न्‌ दाणा सरकवून त्याने गोळ्या शोधल्या. राखाडी, बोराच्या बीएवढ्या. एक. दोन. तीन. बऱ्याच वेळाने चौथी.

पाचवी नव्हती.

त्याने डबा उलटा करून बडवला. पिशवी आतून बाहेर काढली. पीठ दोनदा चाळलं. पाचवी कुठेच नव्हती. चारही गोळ्या रुमालात बांधून तो गिरणीवर धावला.

"कृष्णमूर्ती, माझं दळण चालू असताना काही आवाज आला होता का?"

"आला ना सार. एकदाच. कट्ट! खडा असेल म्हणून मी सोडून दिलं."

"मग? तो खडा बाहेर पडला?"

"माझ्या जात्यातून अख्खं काही बाहेर पडत नाही सार," कृष्णमूर्ती अभिमानाने म्हणाला.

उमाकांतने रुमालाने घाम पुसला. तोंडात काहीतरी लोखंडासारखं लागत होतं. पण आपलं काय ते पुढे बघू. आधी गुंडूराव! सत्तरीचा माणूस, त्यात साखर. आपण त्याला ताटलीत घालून विष दिलं, तेही वर तूप लावून.

खाली गुंडूराव आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते.

"जेवून जरा बाहेर फिरून आले आणि असे पडलेत," सावित्रीबाई म्हणाल्या. "हाक मारली तर नुसतं 'हूं'. दुपारी कधी असे झोपत नाहीत हो."

उमाकांत समोरच्या स्टुलावर बसला. झोपलेल्या माणसाचा श्वास मोजत बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच ठाऊक. छाती वर गेली की आपण खाली येतो, ती खाली गेली की आपण वर टांगलेले राहतो. मध्येच गुंडूरावांचा श्वास अडला. उमाकांतचाही. मग मोठ्याने घोरणं सुरू झालं, आणि उमाकांतने पुन्हा रुमाल काढला.

"अहो, ह्यांच्या तोंडाकडे असं काय बघताय?" सावित्रीबाईंचा आवाज बदलला. "काय झालंय?"

"अक्का, काकांनी पोळ्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या की, तिन्ही!" डोळे मिटलेलेच ठेवून गुंडूराव म्हणाले. "फस्ट क्लास होत्या."

मग उमाकांतला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. गहू, गोळ्या, कट्ट असा आवाज. सावित्रीबाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग भिंत धरली, आणि मग तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून ते यजमानांच्या ओठाला लावलं.

"अय्यो, थांब! थांब गं!" गुंडूराव टुणकन उठून बसले. "मला काही होत नाही!"

"तीन पोळ्या पोटात आहेत आणि होत नाही म्हणे! प्या!"

गुंडूरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा तांब्याकडे. मग खुर्चीच्या गादीखाली हात घालून वर्तमानपत्राची पुडी काढली. तिच्यात तिन्ही पोळ्या होत्या.

"संध्याकाळी गाईला घालणार होतो," ते पुटपुटले.

"मग तुम्ही जेवलात काय?"

"कोपऱ्यावर... बिसीबेळे भात." आणि आणखी हळू, "दोन प्लेटी."

सावित्रीबाईंनी तांब्या खाली ठेवला. आता जे सुरू होणार होतं ते पाऱ्यापेक्षा जहाल होतं, म्हणून उमाकांत उठला. गुंडूरावांनी त्याचा हात धरला.

"विष नसतं तरी खाल्ल्या नसत्या हो. आमच्या दुकानातलं कॅनव्हास बरं."

उमाकांत जिना चढून वर आला. म्हणजे खाणारा आपण एकटाच. त्याने आरशात जीभ पाहिली, नाडी पाहिली, आणि दोन्ही चुकीच्या वाटल्या. पण चार वाजले होते. हेमलता ट्रंक घेऊन फलाटावर एकटी उभी राहील, ह्या विचाराची भीती आधीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. तो गेला.

ती डब्यातून उतरली तेव्हा तो हसायला गेला आणि जमलं नाही. टांग्यात त्याने तिला सांगितलं. शेवटी म्हणाला, "विम्याचे कागद निळ्या पेटीत आहेत."

हेमलता त्याच्याकडे वळली.

"किती सापडल्या म्हणालात?"

"चारच."

"चारच होत्या."

"पण तू पाच लिहिलं होतंस!"

"चार लिहिलं असतं तर तुम्ही तीन काढून थांबला असता."

मग उमाकांतच्या लक्षात हळूहळू यायला लागलं, की आपण मरणार नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला सगळंच्या सगळं सापडलं होतं. त्याची छाती फुगली.

"बघ," तो म्हणाला. "एकही कमी नाही."

"खरंच हो," हेमलता म्हणाली, आणि कौतुकाने हात पुढे केला. "द्या इकडे, नीट ठेवते."

उमाकांतने ऐटीत रुमाल काढला. दिवसभर घाम पुसून त्याची गाठ कधीच सैल झाली होती. त्याने तो तिच्या तळहातावर झटकला.

तीन होत्या.