एक फुंकर कमी

आशागडला आमच्या रमणकाकांकडे गेलात, तर चहाच्या आधी फुगा येतो. तो थेट तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "फुगवा. मग चहा."

लोक भेटल्यावर 'कसे आहात' विचारतात. काका विचारतात, "छाती काय म्हणते?"

काकांचं सारं आयुष्य डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात गेलं. निवृत्त होताना त्यांनी बाद मालाचं एक पोतं घरी आणलं. मान वाकडी झालेले, रंग अर्धाच बसलेले, 'हॅपी बर्थडे' उलटं छापलेले असे सगळे फुगे त्यात. मी त्यांची शेजारीण, तलासरीला शाळेत शिकवते. हायवेची धूळ खात संध्याकाळी बसने घरी येते, तर काका कुंपणाशी फुगा घेऊन उभेच. एकदा आमच्याकडे सुतक होतं. भेटायला आलेल्या माझ्या मामेसासऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. पांढऱ्या टोपीतले मामा गंभीर चेहऱ्याने 'हॅपी बर्थडे' फुगवत बसले होते आणि मला हसू दाबायला स्वयंपाकघरात पळावं लागलं.

विडी सोडल्यापासून धूर दिसला की काकांचं डोकं फिरतं. कुणी पालापाचोळा पेटवला की हे बादली घेऊन हजर. अंगणात पाणी शिंपडल्याशिवाय झाडू लावू देत नाहीत. देवापुढे अगरबत्ती असते, पण न पेटवलेली. "देवाला काय छाती नाय?" असा त्यांचा सवाल. सकाळी चिकूच्या वाडीतून फिरताना जो भेटेल त्याला अडवून सांगतात, "नाकाने घ्या, तोंडाने सोडा. सावकाश. घाई कसली?" धुक्यात झाडांमागून नुसता त्यांचा आवाज येत राहतो, सावकाश, सावकाश. ऐकता ऐकता आपलीही पावलं मंद होतात.

त्यांच्या घरात जमनाकाकी. अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. बोलताना वाक्याच्या मध्येच तिला थांबावं लागतं आणि छातीतून बारीक शिट्टी वाजते. ओट्यावर रोज संध्याकाळी दोघांची शर्यत लागते, कुणाचा फुगा मोठा. नियम एकच: आधी काकी, मग काका. "कारखान्यात माझ्या तोडीचा फुगा कुणाचा नव्हता," असं काका आधी ऐकवतात आणि मग रोज हरतात. मला वाटायचं, बढाईच ती. म्हातारा नुसता बोलण्यात फुगतो.

काकांचं कुठे काही चालत नाही, तर ते राबापुढे. उन्हाळा संपता संपता भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तेव्हा सगळी शिवारं त्या राबाच्या धुरात बुडून जातात. भाताचा प्रश्न, बोलणार कुणाला? त्या दिवसांत काका काकीला रिक्षात घालून डहाणूच्या किनाऱ्यावर नेतात. यंदा मला सुट्टी होती, मीही गेले.

समुद्र पार आत गेला होता. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं आणि सुरूच्या झाडांतून वारा एकसारखा गुणगुणत होता. तिथे बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, ते कळत नाही. काकीने फुगा फुगवला, पेरूएवढा. काकांनी फुगवला, लिंबाएवढा.

"काका," मी चिडवलं, "कारखान्यात असेच फुगवायचात का?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गातलं पोर झाल्यासारखं वाटलं. "शहाळी आणतो," म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

काकी त्यांच्या पाठीकडे बघत हसली. "त्यांना नको गं बोलू. डॉक्टरांनी मला सांगितलेलं, रोज चाल आणि फुगा फुगव. मी म्हटलं, या वयात फुगे? लोक हसतील." ती थांबली, श्वास घेतला. "दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी अख्ख्या गावाला फुगवायला लावलं. आता मला कोण हसणार?"

मामांची टोपी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि या वेळी हसू आलं नाही.

"आणि हे रोजचं हरणं?" मी विचारलं.

"मला दिसत नाय काय? माझ्यापेक्षा एक फुंकर कमीच मारतात." ती फुग्यावरून बोट फिरवत राहिली. "मी दमले, की माझा फुगा लहान होतो. मग ह्यांना आणखी लहान करावा लागतो. वाईट वाटतं बघ. एवढा छातीचा माणूस. म्हणून मी जोर लावते. पण तू त्यांना सांगू नको हां, मला ठाऊक हाय ते."

काका शहाळी घेऊन आले. खाली बसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, अजून एक डाव."

काकीने नवा फुगा ओठांना लावला आणि डोळे मिटले. फुगा पेरूएवढा झाला. ती थांबली. नाकाने सावकाश श्वास घेतला आणि पुन्हा फुंकला. फुगा नारळाएवढा झाला, ताणून फिका पडला, मावळतीचा उजेड त्याच्या आरपार दिसायला लागला. त्यावर उलट्या अक्षरांत 'हॅपी बर्थडे' लिहिलेलं होतं.

"आता तुम्ही," काकी म्हणाली.

काका तिच्या फुग्याकडे बघतच राहिले होते. त्यांच्या हातातला फुगा तसाच रिकामा लोंबत होता. फुगवायचं त्या दिवशी ते विसरूनच गेले.