मायनस बारा

प्लस बारा व्होल्ट अगदी चोख येत होते. मायनस बारा मात्र येत नव्हते, आणि गेले तीन दिवस सर हा स्वतःचा जाहीर अपमान समजत होते.

सरांनी तंत्रशाळेत एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल शिकवलं होतं. त्यांच्या बायकोच्या गाण्याच्या मंडळाचा मिक्सर, स्वयंपाकघरातला नव्हे, आठ माइकांचे आवाज एकत्र करणारा, पॉवर सप्लाय जळल्यामुळे मुका झाला होता आणि रविवारी कार्यक्रम होता. त्या मिक्सरला प्लस आणि मायनस असे दोन्ही व्होल्ट लागत. बायको म्हणाली, तयार सप्लाय मिळतो, आणून टाकू. "घरात मी असताना?" एवढंच बोलून सरांनी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा पसारा मांडला. तेव्हापासून दोघंही ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

सप्लायमध्ये दोन रेग्युलेटर होते. तीन-तीन पायांचे, नखाएवढे काळे तुकडे. एक प्लस सांभाळायचा, दुसरा मायनस. दोघे एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शेजारी शेजारी स्क्रूने घट्ट बसवलेले. प्लसवाला गार राहायचा. मायनसवाला मात्र सुरू करताच असा तापायचा की सरांच्या दोन बोटांना फोड आले.

पहिला जळाला तेव्हा सरांनी नशिबाला बोल लावला. दुसरा जळाला तेव्हा ते तडक इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी होता. पोट सुटलेला, शांत. त्याने जळका तुकडा उजेडात धरून हळूच विचारलं, "सर, पाय एकदा तपासलेत का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत सरांनी त्याला ऐकवलं, की तुझ्या पायांना बूट घालायची अक्कल नव्हती तेव्हापासून मी रेग्युलेटरचे पाय जोडतोय. आणि बनावट माल विकायचा तर निदान शिकवणाऱ्याला तरी सोडायचं होतं. दुकानदाराने आणखी दोन रेग्युलेटर पुढे ठेवले. त्यातला एक त्याच संध्याकाळी धूर सोडून गेला.

"अहो, त्याला एकदा घरी बोलावून दाखवा ना," बायको म्हणाली. मंडळाच्या बायका दिवसातून चारदा फोन करत होत्या.

"त्याला? चोराला कुलूप दाखवू?"

उरलेला एक रेग्युलेटर सरांनी जोडलाच नाही. तो पुरावा म्हणून पाकिटात बंद केला आणि बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला बसले. पत्र उत्तम उतरत होतं. 'निष्काळजीपणा' आणि 'ग्राहकाच्या जिवाशी खेळ' हे शब्द पहिल्याच परिच्छेदात आले होते. दुसऱ्या परिच्छेदात त्यांना लिहायचं होतं, की तुमच्याच माहितीपत्रकाप्रमाणे पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड. पान क्रमांक देण्यासाठी त्यांनी माहितीपत्रक उघडलं.

मायनसवाल्याचा पहिला पाय ग्राउंड होता. इनपुट मधला. सरांच्या डोक्यातला क्रम प्लसवाल्याचा होता.

सरांनी चष्मा पुसला. कंपनीने मधल्या काळात पाय बदलले असावेत, असंही त्यांनी पाच मिनिटं मानून पाहिलं. मग पत्र उलटं ठेवलं, पुरावा पाकिटातून काढला आणि नीट जोडला. बटण दाबताच फ्यूज उडाला.

हे तर फार झालं. चूक सुधारल्यावरही शिक्षा? सर माहितीपत्रकावरच डाफरत पुढचं वाचू लागले आणि तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. मायनसवाल्याची धातूची पाठ आतून इनपुटला जोडलेली असते, प्लसवाल्याची ग्राउंडला. त्या दोन्ही पाठी त्यांनीच एका पत्र्याला टेकवून बसवल्या होत्या, म्हणजे पत्र्यातून इनपुट थेट ग्राउंडला भिडत होता. आता मध्ये वीज अडवणारी अभ्रकाची चकती घालायला हवी होती. अभ्रक एकाच दुकानात मिळायचा.

सर गल्लीच्या टोकाला उभे राहून गिऱ्हाइकं कमी होण्याची वाट पाहत होते. तरी एकजण उरलाच.

"एक फ्यूज," सर म्हणाले. "आणि अभ्रकाची चकती."

"म्हणजे पाय सापडले," दुकानदार म्हणाला.

त्याने ड्रॉवर उघडला, पण चकती हातातच ठेवली. "सर, शेवटच्या वर्षी याच प्रॅक्टिकलला तुम्ही मला नापास केलं होतंत. मग शिक्षण सुटलं आणि हे दुकान काढलं."

सरांना काहीच आठवेना. "काय चुकलं होतं तुझं?"

"तुम्ही जोडलंत, तसंच जोडलं होतं." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि सरांना तेच सहन होईना. "मायनसचा पहिला पाय, सर?"

सरांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "ग्राउंड."

"मधला?"

"इनपुट. आणि तिसरा आउटपुट. दे आता."

"चकती कशासाठी?"

सरांनी तेही सांगितलं, उभ्याउभ्या, गिऱ्हाइकादेखत.

रविवारी आठही माइक वाजले. दुकानदार शेवटच्या रांगेत बसून होता. कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला, सप्लायच्या खोक्यावर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाला, "कोमट आहे. पास."

किती मार्कांनी, ते न सांगताच तो निघून गेला, याचा सरांना आठवडाभर राग होता.