सामाईक गाणं

सलूनमध्ये खुर्च्या दोन, भाऊ दोन आणि स्पीकर एक. भांडणाला एवढं भांडवल पुष्कळ झालं. थोरल्याला संथ, जुनी गाणी लागत. धाकट्याला अशी, की ठेक्याबरोबर भिंतीवरचा आरसा थरथरावा. दिवसभर दोघं आळीपाळीने आपापला फोन स्पीकरला जोडत आणि गिऱ्हाइकांच्या कानांचे हाल होत. शेवटी धाकट्याने जाहीर केलं, "दादा, शेजारचा गाळा रिकामा आहे. मी माझी खुर्ची उचलतो आणि तिकडे जातो."

"बघ बाबा," थोरला म्हणाला खरा, पण मनातून त्याला ते नको होतं. वडिलांच्या मागे त्यानेच धाकट्याच्या हातात कात्री दिली होती. बाजूची जागा मोकळी दिसणार, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

खुर्चीत मान खाली घालून बसलेला प्रोग्रामर हे सगळं ऐकत होता. डोक्यावर जेमतेम केस असूनही हा नेमाने येई, बहुधा गप्पांसाठी.

"मी एक टूल बनवलंय," तो म्हणाला. "दोघांच्या प्लेलिस्ट त्याला द्यायच्या. कुठली गाणी जुळतात ते सांगतं. जुळतील तेवढीच लावा, तंटाच मिटला."

दोघांनी फोन पुढे केले. टूलने शेकडो गाणी चाळली आणि निकाल दिला. दोघांत सामाईक गाणं एकच निघालं, आणि तेही अंगाईगीत. थोरल्याची लेक त्याशिवाय डोळे मिटत नसे आणि तिला झोपवायची पाळी कधी बापाची असे, कधी काकाची.

"एकच?" धाकटा म्हणाला.

"एक तर एक," थोरला घाईघाईने म्हणाला. "ठरलं ते ठरलं."

अंगाई सुरू झाली. सकाळी तर फारच छान चाललं. गिऱ्हाइकं 'इथून अजून घ्या, तिथून नको' म्हणेनाशी झाली. दुपारपर्यंत लक्षात आलं, की ती झोपली होती. केस कापून झाले तरी उठेनात. हलवून उठवलं, तर बाकावर जाऊन पुन्हा लवंडत. नवीन येणारा ती गर्दी बघून दारातूनच परत जाई. जांभया देऊन देऊन धाकट्याचा जबडा दुखायला लागला.

अशात शेजारच्या गाळ्याचे मालक आले. व्यवहाराचं बोलायचं होतं, पण आधी दाढी उरकू म्हणून धाकट्याच्या खुर्चीत बसले. मालकांच्या मिशा अशा, की आधी त्या दारातून आत येत आणि मग मालक. फेस लागला, दुसरं कडवं आलं आणि मालकांची मान कलंडली. नेमके त्याच वेळी धाकट्याचे डोळे जांभईने मिटले होते. डावी मिशी अलगद खांद्यावर उतरली.

मालक जागे झाले, आरशात पाहिलं आणि असे उसळले, की कोपराच्या धक्क्याने स्पीकर थेट पाण्याच्या बादलीत गेला.

"कोणी केलं हे?"

खरं सांगितलं तर गाळा गेला आणि धाकटा इथेच राहिला. थोरल्याला हवं होतं तेच आयतं समोर आलं होतं. पण धाकट्याचा पडलेला चेहरा त्याला बघवेना.

"मी केलं, मालक. हा जरा बाहेर गेला होता, म्हणून मी वस्तरा हातात घेतला."

"खोटं बोलतोय!" धाकटा ओरडला. "माझ्याच हातून झालं. दादाच्या हातून आजवर कुणाला साधा ओरखडाही उठला नाही."

"तू गप्प बस."

"तूच गप्प बस!"

मालक दोघांवर खेकसले. "म्हणजे तुमच्यातला एक मिशी कापणारा आणि दुसरा खोटारडा. गाळा कुणालाच नाही!" एवढं बोलून ते अर्धा चेहरा रुमालात लपवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर आपल्या टूलचं यश बघायला आला आणि त्याने दोघांच्या याद्या पुन्हा टूलला दिल्या. "अहो, आज तर शून्य! दोघांनीही यादीतून तेवढं एकच गाणं उडवलंय." भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"मग काल पोरीला झोपवलं कसं?"

"तोंडाने. दोघांनी मिळून," धाकटा म्हणाला.

"झोपली?"

"कंटाळून," थोरला म्हणाला.

इतक्यात तोंडाला रुमाल लावून मालक आत आले आणि मुकाट्याने खुर्चीत बसले. "ही उरलेलीही काढून टाका," ते पुटपुटले. मग आवाज आणखी खाली गेला. "आणि कालचं ते गाणं लावा. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती हो."

स्पीकर खिडकीत उन्हाला वाळत पडला होता. थोरल्याने घसा खाकरला. धाकट्यानेही खाकरला. एकाने वरचा सूर धरला, दुसऱ्याने खालचा, आणि दोघं मनापासून गायला लागले.

मालकांचे डोळे टक्क उघडले. "अरे, गाळा घे रे बाबा!" ते धाकट्याला म्हणाले. "आत्ता किल्ली घे, पण एकेकटे गा!"

धाकट्याला ते ऐकूच गेलं नाही. दुसरं कडवं अडलं होतं आणि तो दादाच्या तोंडाकडे बघत होता.