चरकाच्या पानावरचा हवालदार

कडेगावच्या रहिमानला आठवड्यात तिसऱ्यांदा तसलाच फोन आला.

"रहिमान इंजिनिअरिंग ना? तुमी नेमकं करता काय?"

"रसवंतीचे चरक."

"मग तसं लिवा की! वेबसाइटवर निस्तं नाव नि नंबर टाकून बसलाय."

रहिमान चक्रावला. तीन नवे चरक वर्कशॉपमध्ये तयार उभे होते. महाशिवरात्रीपर्यंत ते खपले नाहीत, तर शटर ओढून साताऱ्याच्या एमआयडीसीत, मुलाच्या वयाच्या साहेबापुढे हजेरी लावायची, हे घरात ठरलं होतं. या वयात ते त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. म्हणून तर वेबसाइटचा खटाटोप.

ती फुकट बांधून दिली होती शेजारच्या निवृत्त हवालदार नाथाजींनी. त्यांनी सैन्यात पंचवीस वर्षांपूर्वी संगणकाचा कोर्स केला होता आणि सैन्यात शिकलेलं जुनं होत नाही, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. त्यांनी जुन्या पद्धतीच्या फ्रेम, म्हणजे चौकटी, लावून पडद्याचे तीन कप्पे पाडले. वर रहिमानचं नाव-नंबर, डावीकडे यादी, मधे चरकांचे फोटो. प्रत्येक कप्पा म्हणजे स्वतंत्र पान. बराकी कशा वेगवेगळ्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

रहिमान तडक त्यांच्याकडे गेला. "हवालदार, माझं चरक कुटं गेलं?"

नाथाजींनी लॅपटॉपवर पत्ता टाकला. "हे काय! नाव हाय, नंबर हाय, चरक हाय."

"मग लोकांस्नी का दिसंना?"

"लोकांचं डोळं तपासाय पायजेत."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. "न्हाई! हितं चरक-बिरक न्हाई! राँग नंबर!" नाथाजी करवादले. "लय वैताग. महिनाभर कोण बी उठतंय नि मला चरक मागतंय. ईस जणांना तरी झाडलं असंल."

रहिमान बघतच राहिला. "आवं, पर चरक मी इकतो!"

"त्येच तर मला कळंना."

दोघांनाही काही उमगेना. शेवटी रहिमानने मोबाइल हिसकावून तोच नंबर परत लावला. पलीकडे म्हसवडच्या विजयमालाबाई होत्या, आणि त्या भडकल्या होत्या.

"गूगलवर चरक शोधला. फोटो आला. वर नाव न्हाई, गाव न्हाई. खाली बारीक अक्षरात 'रचना : हवालदार नाथाजी' नि ह्यो नंबर. मग मी कुणाला इचारू?"

तेव्हा कुठे प्रकाश पडला. गूगल अख्खी वेबसाइट दाखवतच नव्हतं, एकेक कप्पा सुटा उचलत होतं. रहिमानला शोधणाऱ्याला नुसता रहिमान मिळे. चरक शोधणाऱ्याला नुसता चरक, आणि त्याच्याखाली नाथाजी.

नाथाजींचा चेहरा पडला. त्यांनी झाडलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला, माफी मागितली. आठवड्यात तिन्ही चरक गेले, वर दोघांनी नवे सांगून ठेवले. रहिमानचं साताऱ्याला जाणं टळलं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"उद्याच बराकी मोडतो. सगळं एका पानावर घेतो," नाथाजी म्हणाले.

"हात लावू नगासा!"

"आरं, मग समदं फोन मलाच येतील!"

"येऊ द्या की. मी वेल्डिंग करू का फोन घेऊ?" रहिमान उठला. दारापर्यंत जाऊन वळला. "आन् हवालदार, गिऱ्हाइकासंगं जरा गोडीनं बोलत जावा."