चूक माही, बाप्पा!

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निमित्तं चांगली सापडत गेली. आधी टाईपरायटर बिघडला, मग डोळे बिघडले. पण गेल्या महिन्यात गुलाब वकिलाच्या तेरवीला जे ऐकलं, त्यानंतर टाळता येईना.

तेरवीला लोक इतके हसताना मी दिग्रसमध्ये पहिल्यांदाच पाहिले. मंडपात जो तो उठून गुलाबचे गुन्हे सांगत होता. "माह्या पोरीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच दाबून ठेवलती!" "आमच्या गल्लीचा नळ त्यानंच बंद केलता!" "बकरी तो उन्होंनेच छोडी थी!" हा शेवटचा आवाज सलीमभाई मेकॅनिकचा. यातला एकही गुन्हा गुलाबनं केलेला नव्हता. सांगणाऱ्याला ते ठाऊक होतं, ऐकणाऱ्यालाही. गुलाबनं ते सगळे कबूल मात्र केले होते.

मग पांढऱ्या मिशांचे महादेवभाऊ काठी टेकत उठले. म्हणाले, "माणूस देव होता. साऱ्या चुका खोट्याच घेतल्या त्यानं. एकच खरी होती, अन् ते माह्या वाट्याले आली."

मी त्यांच्या पलीकडेच बसलो होतो. पत्रावळीवरची बुंदी चिवडत राहिलो.

ती चूकही गुलाबची नव्हती. ती कोणाची होती ते सांगतो, पण आधी गुलाब सांगायला हवा.

मी दामोदर. कोर्टाच्या व्हरांड्यात माझं टेबल असे. अर्ज, शपथपत्रं, करारनामे टाईप करून देणं हा माझा धंदा. गुलाब बंजारा घरातला, त्याच्या तांड्यातला पहिला वकील. काळा कोट शिवून आला तेव्हा त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, आधी त्या कोटालाच हळदकुंकू लावलं. गुलाबनं तो डाग कधी धुऊ दिला नाही. युक्तिवाद करताना तो डाग बरोबर न्यायाधीशांसमोर यायचा.

युक्तिवाद फारसे झालेच नाहीत, ही गोष्ट वेगळी. गुलाबला भांडण पुढे नेताच येत नसे. कोर्टाच्या पायरीवरच तो विरुद्ध बाजूच्या माणसाशी गप्पा मारायला बसायचा. थोड्या वेळानं वादी आणि प्रतिवादी एकाच मोटारसायकलवर बसून घरी जायचे आणि गुलाब फाईल घेऊन आत एकटा उभा.

"पक्षकार कुठे आहेत?"

"घरी गेले, सर. चूक माझी."

शेवटी एका समंजस न्यायाधीशांनी त्याला प्रशिक्षणाला धाडलं आणि तो कोर्टाचा मध्यस्थ झाला. खटला पुढे चालण्याआधी दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, जमत असेल तर समेट घडवायचा, हे आता त्याचं रीतसर काम झालं. प्रशिक्षणात पुष्कळ काही शिकवलं असेल. गुलाब परत आला तो आपलं जुनंच वाक्य घेऊन. फक्त आता ते छाती काढून म्हणायचा : "चूक माही, बाप्पा!"

त्याची रीत अशी. दोघं तावातावानं भांडत आले, की तो दोघांचं नीट ऐकायचा, मान डोलवायचा आणि मग अचानक स्वतःच गुन्हेगार व्हायचा. दोन व्याही वर्षभर बोलत नव्हते, कारण एकाला बारशाची पत्रिका मिळाली नव्हती. गुलाबनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! ते पत्रिका माह्या गाडीच्या डिक्कीत राह्यली!" त्या दोघांना तो त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा भेटला होता. आणि त्याच्या मोपेडला डिक्कीच नव्हती. तरी दिग्रस, राळेगाव, पार फुलसावंगीपर्यंतच्या न पोचलेल्या सगळ्या पत्रिका त्याच डिक्कीत सापडल्या.

सलीमभाईच्या बकरीनं शेजारच्या शिंपीणबाईंच्या वाळत घातलेल्या कुरड्या खाल्ल्या, तेव्हा दोन्ही घरं पोलिसात निघाली होती. गुलाब आडवा आला. "बकरी म्याच सोडली."

सलीमभाई म्हणाला, "अरे वकीलसाब, उस दिन तो आप यवतमाळ गये थे!"

"तिथूनच सोडली."

शिंपीणबाईंना हसू आवरेना. हसू आलं की पोलीस ठाणं लांब पडतं. त्या संध्याकाळी सलीमभाईची बायको कुरड्यांचा चीक शिजवायला शेजारी गेली.

एकदा आम्ही एसटीनं यवतमाळला निघालो होतो. खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून आत दोघांची जुंपली. एक म्हणे रुमाल माझा, दुसरा म्हणे इथं रुमालच नव्हता. गुलाबनं पायाशी पडलेला तो रुमाल उचलला, "चूक माही, रुमाल माहा हाय," म्हणाला आणि खात्रीसाठी त्यात खणखणीत नाक शिंकरलं. मग त्या रुमालावर कोणीच हक्क सांगेना. दोघं एकमेकांना सरकून घेत एकाच बाकावर बसले. गुलाब आर्णीपर्यंत उभा होता आणि ते दोघं त्याला सोडून सोयाबीनच्या भावावर बोलत होते.

मी एकदा विचारलं, "लेका, खोटी चूक काहून घेतो?"

"अबे दामू, हातात तापलेला दुधाचा गंज घेऊन माणूस उभा असला, त् त्याले पह्यले ठेवाले जागा द्यावं लागते. कोणं तापवला, ते मंग विचारता येते."

"अन् तुहा हात?"

"मी ओटा हाय ना बे."

घरी मात्र हा ओटा कामाचा नव्हता. त्याची बायको रुक्मीवहिनी म्हणायची, "भाऊजी, साऱ्या गावाची चूक याची, अन् भाजीत मीठ जास्त झालं त् माही!" गुलाब यावर अगदी गंभीरपणे म्हणायचा, "घरात मध्यस्थी करता येत नाही. नियम हाय."

नियम त्याचा खरा एकच होता आणि त्यावर तो विनोद करत नसे. कोर्टात त्याला एक खोली मिळाली होती. तिच्या आत हिरव्या पडद्यामागे एक कोपरा, दोन खुर्च्या, पाण्याचं मडकं. सगळ्यांसमोर बोलता येत नाही ते बोलण्यासाठी तो एकेकाला आत घ्यायचा. तिथं "चूक माही" नाही, थट्टा नाही. तिथं फक्त ऐकायचा. समोरचा थांबला की हळूच विचारायचा, "अन् अजून?" शेवटी एकच वाक्य : "आतलं बाहेर जात नाही." माझं व्हरांड्यातलं टेबल त्या कोपऱ्याच्या खिडकीला लागूनच होतं. गुलाबला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याचा मित्र होतो.

महादेवभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ किसन यांचा धुऱ्यावरून दावा होता. दोन वावरांमधला तो बांध, त्यावर एक बोरीचं झाड. त्यासाठी दोघांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. महादेवभाऊंना गाव वाघ म्हणे. त्या दिवशी गुलाबनं वाघाला पडद्याआड घेतलं. बराच वेळ शिव्या ऐकू आल्या. मग गुलाबचा आवाज : "अन् अजून?"

आणि वाघ रडला. मोठ्यानं, लहान पोरासारखा. "धुरा जाऊ द्या खड्ड्यात, साहेब. तो मले महादेव्या म्हणते. पोळ्याले याच खांद्यावर बसवून नेलतं त्याले. एक डाव दादा म्हणाव त्यानं. बस."

गुलाब बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "आज काही टाईप नको करू." पुढच्या तारखेला समेट होणार हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं.

संध्याकाळी पानठेल्यावर चार माणसं उभी होती. माझ्यासारख्या टायपिस्टकडे एरवी कोणी वळून पाहत नसे. मी म्हणालो, "वाघ रडताना पाह्यला कोणं?" आणि "एक डाव दादा म्हणाव" असा महादेवभाऊंचा रडका आवाज काढून दाखवला. ते हसले. मी पुन्हा काढला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, पण त्या वेळी ते गोड लागलं होतं.

पुढच्या तारखेपर्यंत पोरं महादेवभाऊंच्या मागं "दादाऽऽ" म्हणून ओरडायला लागली होती. इकडे गुलाबनं आतली गोष्ट न सांगता, केवळ थोरल्याचा मान म्हणून, किसनला तयार केलं होतं. किसन आला. टोपी काढली. वाकला. खाली बघत म्हणाला, "दादा."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. ते मी पाहिलं. महादेवभाऊंनी मात्र तो शब्द आठवडाभर टवाळीत ऐकलेला. "तूबी?" म्हणाले. मग गुलाबकडे वळले. "अन् तुमी, साहेब?" खांद्यावरचा दुपट्टा झटकून ते थेट न्यायाधीशांकडे गेले.

न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, आतलं बाहेर कोणी नेलं. मी दारात उभा होतो. खरं बोललो तर व्हरांड्यातली जागा जाणार होती, आणि माझं घर त्या टेबलावर चालत होतं. गुलाबनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"चूक माझी, सर. माझ्याच तोंडून गेलं."

मला वाटलं, साहेब आता हसतील. त्याच्या या वाक्यावर सगळेच हसायचे. साहेब हसले नाहीत. मध्यस्थानं घेऊ नये अशी जगात एकच चूक होती, आणि ती त्यानं घेतली होती. त्याचं काम गेलं. मी टाईपरायटरवर कव्हर घातलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गुलाब माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "चाल, चहा घेऊ."

मग त्यानं घरच्या ओसरीवर बैठक मांडली. लोक येतच राहिले. अशा चुका घेणारा दुसरा कुठं मिळणार? पण पहिल्याच आठवड्यात एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, चूक तेवढी तुमी घ्या. मनातलं नका विचारू, ते गावभर होते." ओसरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं गुलाब हसला. रुक्मीवहिनीनं मला नंतर सांगितलं, की आतल्या खोलीत त्यानं तसाच हिरवा पडदा लावलाय, दोन खुर्च्या ठेवल्यात. रोज झाडतो, मडकं भरतो. "मी म्हणते, कोणासाठी? त् म्हणते, येईन ना कोणी."

मी कितीदा सांगायला गेलो. "गुलाब, त्या दिवशी पानठेल्यावर..." एवढं निघालं की तो झडप घालायचा. "पानावरून आठवलं, काल चुना जास्त झालता ना? चूक माही, म्याच लावून देल्ला." दुसऱ्याला चूक घेऊ द्यायची त्याला सवयच नव्हती.

यंदा आंब्याच्या दिवसांत मी मनाशी ठरवून गेलो. ओसरीवर बसलोच नाही. म्हणालो, "गुलाब, आत बसू."

त्याचा चेहरा असा खुलला, की मला खाली पाहावं लागलं. शर्टाची वरची गुंडी लावली. मला पुढे घालून आत नेलं, पडदा ओढला, मडक्यातलं पाणी दिलं. समोर बसला, हात मांडीवर ठेवले. आत तो मध्ये बोलत नसे. आता मला अडवणारं कोणी नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "शेजाऱ्याच्या लिंबाचा पाला माझ्या अंगणात पडतो."

त्यानं ते इतक्या मन लावून ऐकलं, जणू कोणाचा संसार मोडत होता. मी पाल्याबद्दल बोलत राहिलो. झाडण्याबद्दल, पन्हाळी तुंबण्याबद्दल. मग थांबलो. तो थोडा पुढे वाकला.

"अन् अजून?"

"नाही. बस, पालाच."

त्यानं माझा पेला पुन्हा भरला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी नको करू, दामू. आतलं बाहेर जात नाही." पडदा त्यानंच वर धरला. बाहेर येताच त्याचा जुना आवाज परत आला. "रुक्मी, आमरस आण! दामूले उशीर झाला, चूक माही!" सारं जेवण तो खुशीत होता. त्याच्याकडे कोणीतरी आत बसून गेलं होतं.

महादेवभाऊ, हे तुम्हाला वाचून दाखवायला मी स्वतः येणार आहे. किसनलाही बोलवा. तो त्या दिवशी खरं म्हणाला होता.

आणि गुलाब, तू विचारलं होतंस, "अन् अजून?" अजून होतं. त्यांचं रडणं पानठेल्यावर मी नेलं. आता मध्ये बोलू नको. चूक माही.