देवरावभाऊंचा इको

“चंद्रपूरला जाऊन इको करून घ्या,” असं मूल गावचे डॉक्टर म्हणाले आणि रुखमाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरूनच मिथुनला फोन लावला.

“मिथुन, उद्या सकाळी तुयी इको पाह्यजे. डॉक्टरनं सांगतलं.”

यात रुखमाबाईंचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. डॉक्टरांच्या लेखी इको म्हणजे छातीवरून यंत्र फिरवून हृदय पडद्यावर बघायची तपासणी. पण मूल तालुक्यात इको म्हणजे सात सीटची गाडी. साखरपुड्याला इको, बाळंतिणीला माहेरी आणायला इको. हृदयाच्या पेशंटला बसचे धक्के नकोत म्हणून डॉक्टरांनी आपुलकीनं गाडी सुचवली, असंच सगळ्यांना वाटलं. आणि एवढी गाडी केल्यावर नवरा-बायकोनंच जायचं म्हणजे लोक काय म्हणतील? म्हणून गावच्या नाटक मंडळाचे डायरेक्टर पत्रूभाऊ बसले, पेटी वाजवणारा चैतू बसला, नाटकातला खलनायक कोलू बसला आणि कोपऱ्यात, गुडघ्यांत डोकं घालून, प्रॉम्प्टर लटारू बसला.

पेशंट, म्हणजे देवराव, ड्रायव्हरशेजारी छातीवर हात ठेवून बसले होते. हात खाली घ्यायची त्यांची हिंमत होत नव्हती, कारण छातीत त्यांना काही म्हणजे काहीसुद्धा होत नव्हतं.

झालं होतं ते असं. धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. यंदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं देवरावांच्या गावातही मंडळाचं नाटक होतं. त्यात बापाचं काम देवरावांचं, ते वर्षानुवर्षं ठरलेलं. आणि वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवरची फुशारकीही ठरलेली. “प्रॉम्प्टर पाह्यजे लेकराईले. देवरावले प्रॉम्प्टर लागत नाई!” या वर्षी तर त्यांनी लटारूला दमच भरला होता. “मी स्टेजवर असताना तू तोंड उघडशीन तं याद राखजो.”

तिसऱ्या अंकात कोलू पोरीला ओढत नेत होता. बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. देवरावांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, आणि वाक्य गायब. आठवेना म्हणजे आठवेनाच. कोलू बिचारा पोरीला ओढत दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा ओढत गेला. लटारूनं जिवाच्या आकांतानं धीर धरला. शेवटी त्याला राहवलं नाही. तो विंगेतून कुजबुजला, पण वर टांगलेल्या माइकनं ती कुजबुज बरोबर उचलली आणि सगळ्या भोंग्यांतून गावभर ऐकू गेलं, “‘नीचांनो, या बापाच्या काळजाला किती घरं पाडाल?’ म्हणा ना जी भाऊ!”

आता देवरावांपुढे दोनच रस्ते होते. अख्ख्या गावासमोर ते वाक्य उचलायचं, नाहीतर मरायचं. त्यांनी मरायचं ठरवलं. छाती आवळली, “अगं माय!” म्हणाले आणि धाडकन कोसळले. इतका जिवंत अभिनय त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता. पडदा पडला, रडारड झाली आणि इज्जत वाचली. मूलच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून तर त्यांनी चंद्रपूरला धाडलं होतं.

पण एका गोष्टीचा हिशेब देवरावांनी केला नव्हता. लटारूनं सगळं स्वतःवर घेतलं होतं.

“भाऊले अपमान सहन नाई झाला,” गाडीत तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “माया जिभेनं अटॅक आणला. भाऊचं काई कमीजास्त झालं तं मी जगून काय करू?”

“जेव गा दोन घास. परवापासून उपाशी हायेस,” पत्रूभाऊ म्हणाले.

“नाई. भाऊचा रिपोर्ट चांगला येल्याशिवाय पाणीबी गोड नाई लागत.”

देवरावांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लटारूसाठी रिपोर्ट चांगला यायला हवा होता आणि चांगला आला की पडलो कशानं हे सांगावं लागणार होतं. ते मनात म्हणू लागले, ‘मोठं काई नोको. पण लहानसं काईतरी निघू दे. एखादी झडप थोडीशी ढिली. गोळीनं बरी होईन अशी.’

चंद्रपूरच्या खाजगी क्लिनिकात काउंटरवर साक्षी नावाची मुलगी होती. तिनं नाव, वय विचारलं आणि मग म्हणाली, “काकांचा याआधी कधी इको केला होता का?”

“हव ना!” रुखमाबाई म्हणाल्या. “पोरीच्या लग्नात केला होता. मंग मागच्या साली नागभीडले जायले केला.”

“नागभीडला? बरं, तेव्हा काही प्रॉब्लेम निघाला होता का?”

“निघाला होता ना बाई. वाटेत पंक्चर झाला.”

साक्षीचे हात कीबोर्डवर थांबले. “काय झालं होतं?”

“पंक्चर,” मिथुन पुढे सरसावला. “मागच्या साइडनं. पण मी तिथंच दुरुस्त केलं, म्याडम.”

“तुम्ही? तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाई. मी इकोवाला. खाली उभी हाये ना पांढरी!”

बाकांवरचे सगळे पेशंट हसले. ज्यांना हसायची मनाई असावी असेही हसले. साक्षीनं हसू दाबत दाबत इको म्हणजे काय ते समजावलं. रुखमाबाईंनी पदर तोंडात धरला. “बाप्पा बाप्पा! मंग आता तेबी करून टाका. आलोच आहो तं.” देवराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. या घोळाचं मूळ आपल्या छातीत आहे हे या मंडळींना कळलं तर काय होईल, या विचारानं त्यांना खरोखरच घाम फुटला. ते बघून लटारूला हुंदका आला.

आतल्या खोलीत डॉक्टर स्वातीबाई होत्या. त्यांनी शर्ट-बनियान काढायला सांगितलं. बनियान पाठीला इतकं फाटलं होतं की ते काढलं काय आणि राहू दिलं काय, सारखंच. देवरावांनी ते मुठीत लपवलं, डाव्या कुशीवर झाले आणि डोळे मिटले. छातीवर थंडगार जेल पडलं. यंत्र फिरू लागलं आणि खोलीत धप-धप, धप-धप असा आवाज घुमला.

“बाई, हे कायचा आवाज?”

“तुमचंच हृदय. छान चाललंय.”

“छान?” देवरावांचा चेहरा पडला. “नीट पाहा ना जी. कुठी लहानसं भोक? एखादं तरी?”

“एकही नाही.”

“झडप-गिडप ढिली?”

स्वातीबाईंनी यंत्र उचललं आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “काका, लोक इथे काही निघू नये म्हणून हात जोडतात. तुम्हाला काय हवंय?”

देवरावांनी मुठीतलं बनियान आणखी आवळलं. “तसं नाई... गाडी करून येवढे लोक आले. काईच नाई म्हटलं तं बरं नाई दिसत.”

“पंचविशीतल्या पोराचं असावं तसं आहे तुमचं हृदय,” स्वातीबाई म्हणाल्या, आणि दार उघडून तेच वाक्य बाहेरही सांगितलं. बाहेर एकच गलका झाला. चैतूनं मिथुनला मिठी मारली. रुखमाबाईंनी हात जोडले. आणि मग पत्रूभाऊंना जे विचारायला नको होतं तेच सुचलं. “पण मंग भाऊ पडले काऊन?”

कोपऱ्यातून लटारूचा चिरका आवाज आला, “म्हणजे दुखणं मनाचं होय. ते मशिनीत कसं दिसन? ते तं मीच देल्लं.” आणि तो ढसाढसा रडायला लागला.

देवराव दारात उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, छातीवर जेल तसंच. त्यांनी लटारूचा सुकलेला चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इज्जत गेली खड्ड्यात.

“लटारू, उठ,” ते म्हणाले. “ऐका सगळे. मले अटॅक-बिटॅक काई नव्हता आला. मी वाक्य विसरलो होतो. लाजेपायी पडलो. ढोंग केलं मी.”

लटारू धावत आला आणि त्यानं देवरावांचे पायच धरले. “पाहा! मायं पाप झाकाले भाऊ सोताची बेइज्जती करून राह्यले!”

“अरे नाई रे! खरंच विसरलो होतो!”

“भाऊ, बस झालं,” पत्रूभाऊंनी त्यांचा हात धरला. “तुमी अन् विसरान? बरं, सांगा मंग, कोणतं वाक्य विसरले होते?”

तोंडून निघू नये म्हणून देवरावांनी ओठ आवळले. पण ते वाक्य गावभर घुमल्यापासून त्यांच्या कानांतून हललंच नव्हतं, आणि हुंदक्यासरशी ते बाहेर पडलं, “नीचांनो, या बापाच्या काळजाला किती घरं पाडाल?”

आवाज असा लागला की काउंटरवर साक्षी उभी राहिली. बाकांवरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. “पाह्यलं?” पत्रूभाऊंनी डोळे पुसले. “अक्षर चुकलं नाई. अन् म्हणते विसरलो! मन असावं तं असं.” देवरावांनी आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ते लोकांच्या नजरेत आणखी मोठे झाले. शेवटी त्यांनी नाद सोडला. मंडळी लटारूला मधे घेऊन समोरच्या हॉटेलात नाश्त्याला गेली.

जिन्यावर देवराव आणि रुखमाबाई दोघंच उरले. रुखमाबाईंनी पदरानं त्यांच्या छातीवरचं जेल पुसलं.

“मले पटलं तुमचं,” त्या म्हणाल्या.

देवरावांना इतकं बरं वाटलं की ते पायरीवरच बसले. “तुले तरी पटलं बाप्पा! पण कसं काय?”

“घरी तालीम करताना त्याच जाग्यावर अडकत होते ना तुमी, रोज. अडकले का मी चुलीजवळून पुढचं म्हणो, अन् मंग तुमची गाडी पुढं जाये. याच नाटकात नाई, सगळ्याच नाटकात. दरसाली खेळापर्यंत पाठ होऊन जाये, यंदा नाई झालं. स्टेजपाशी मी कुठून येऊ सांगाले?”

देवराव पायरीवरून अर्धे उठले. “मंग येवढे साल मले सांगतलं काऊन नाई?”

“तुमीच म्हणत होते, देवरावले प्रॉम्प्टर लागत नाई. म्हटलं, नसन लागत.”

देवरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बोलायचं काय, ते त्यांना सुचेना. आणि या खेपेला रुखमाबाईंनीही सांगितलं नाही.