टपावरचा कैलास

भैयाजींनी मोटार घेतली तेव्हा तिला सगळं होतं, फक्त टप नव्हता. मोटारीवरचं कापडी छप्पर कधीच फाटून गेलं होतं आणि त्याच्या जागी लोखंडाच्या कमानी तेवढ्या उरल्या होत्या. जंगलाच्या एका ठेकेदाराने गाव सोडताना ती भैयाजींच्या गळ्यात मारली होती. मोहटोल्याच्या लोकांना टपाचं काही वाटत नव्हतं. मोटार गावात आहे, हेच त्यांना पुरेसं होतं. ती सुरू झाली की ओट्यावरची म्हातारी माणसं उठून उभी राहत आणि धूर दिसेनासा होईपर्यंत कुणी बोलत नसे.

पण माघात उमरेडचे झिबलाजी पाटील भैयाजींची मुलगी पाहायला यायचे होते, आणि त्यांच्या कानाला वारा सोसत नव्हता. कानात वारा गेला की त्यांचं डोकं धरतं आणि डोकं धरलं की ते सोयरीक मोडतात, असं मध्यस्थाने बजावलं होतं. त्यांना नाटकाचा भयंकर तिटकारा आहे, हेही त्याने जाता जाता सांगितलं. भैयाजी गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मुलीने, कमळेने, झिबलाजींच्या मुलाला ब्रह्मपुरीच्या एका लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून दुसरं स्थळ बघू नका, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. तेव्हा टप हवाच होता, आणि नाटक मुळीच नको होतं.

चांद्याच्या मिस्त्रीने कापड कलकत्त्याहून मागवावं लागेल म्हणून असा आकडा सांगितला, की भैयाजी चहासुद्धा न पिता परतले. गावच्या पोचू शिंप्याने मग पोती जोडून टप शिवला. त्यात मोटार धानाच्या बैलबंडीसारखी दिसू लागली. शेवटी भैयाजींची नजर घरात ठेवलेल्या नाटकाच्या पडद्यांवर गेली. राजवाडा फाडला तर राजा बसणार कुठे, आणि जंगल फाडलं तर वनवास व्हायचा कुठे? राहता राहिला दर्शनी पडदा. त्यावर कैलास होता, शंकर-पार्वती होते, नंदी होता, आणि तैलरंग एवढा जाड होता की पाण्याचा थेंब आत जायची सोय नव्हती.

पोचूने आधी नारळ फोडला, मग कात्री लावली. रंग बाहेर ठेवला, कोरी बाजू आत. कमानींवर पडदा ताणला तेव्हा अंगणातली माणसं पुढे सरकली. कैलासाचं शिखर बरोबर वरच्या कमानीवर आलं होतं, आणि महादेव मागे वळून रस्त्याकडे पाहत होते. भैयाजींच्या पत्नी रुखमाबाई पदर सावरून पाया पडल्या. शिवायला लावलं भैयाजींनीच, पण त्यांच्याही अंगावर काटा आला.

एवढा कैलास लपवायचा तर वर काहीतरी हवं, म्हणून त्यांनी त्यावर सतरंजी बांधली आणि नागभीड स्टेशन गाठलं. झिबलाजी उतरले. काळा कोट, जरीचा फेटा, कानाच्या पाळीपर्यंत गेलेल्या मिशा. टप बघून ते म्हणाले, "हे बरं केलं, भैयाजी. वाऱ्याची मले मोठी भीती."

पण वाऱ्याने वाटेतल्या पहिल्याच वळणावर सतरंजी उडवली. आतल्या कुणाला पत्ता लागला नाही. पहिलं गाव आलं, तर विहिरीवरच्या बायांनी घागरी खाली ठेवून हात जोडले. पुढच्या गावात माणसं धावतच रस्त्यावर आली. मोटार चालवणाऱ्या लटारूला वाटेत थांबावं लागलं. तेवढ्यात एका म्हातारीने टपाला कुंकू लावलं.

"हे कोणाले हात जोडून राह्यले?" झिबलाजींनी हळूच विचारलं.

भैयाजींनाही ते कळलं नव्हतं. "लोकाईचं प्रेम आहे," ते म्हणाले.

झिबलाजींनी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं आणि जरा अंग चोरून त्यांना जागा करून दिली.

मागच्या फटीतून सतरंजीची मोकळी दोरी लोंबताना दिसली तेव्हा भैयाजींना सगळं उमगलं. त्या मुलखात नाटकाची जाहिरात तोंडाने कधी होत नसे. खेळाच्या दिवशी मंडळ दर्शनी पडदा बंडीवर उभा करून गावोगाव हिंडवी. पडदा दिसला की लोक कामं आवरत, लवकर रांधत आणि बैल जुंपून निघत. यंदा पडदा मोटारीवरून आला होता, एवढाच फरक. भैयाजींनी मागे पाहिलं, तर धुळीत बंड्याच बंड्या होत्या.

रस्ता मोकळा करायला भोंगा नव्हता. लटारू ओरडत राहिला, आणि मोहटोला येईपर्यंत त्याचा घसा पार बसला. मंडळाच्या नाटकातला राजा तोच व्हायचा. मोटार थांबताच भैयाजींनी पाहुण्यांना मागे वळूही न देता घरात नेलं.

दिवेलागणीला अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. लोकांनी मोटारीसमोर बोऱ्या पसरल्या, पोरं पुढे बसवली, कुणीतरी पेट्रोमॅक्स आणून टांगला. कोणता खेळ आहे, एवढंच ते विचारत होते. भैयाजींनी हात जोडून सांगितलं की आज खेळ नाही. लोक समजूतदारपणे हसले आणि बसून राहिले.

गोंगाट ऐकून झिबलाजी ओसरीवर आले. त्यांनी प्रथमच सतरंजीविना टप पाहिला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात कैलास पेटल्यासारखा दिसत होता आणि समोर शेकडो माणसं मान वर करून बसली होती. त्यांनी नकळत जोडे काढले. मग सगळं ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"भैयाजी," ते म्हणाले, "तुमच्या घरी नाटक आहे, हे मले कोणी सांगतलं नाई."

दाराआड कमळेने डोळे पुसले. सोयरीक मोडलीच होती. तेवढ्यात पुढे बसलेली गावातली गुणाबाई उठली आणि झिबलाजींना आपादमस्तक न्याहाळून मागच्यांना म्हणाली, "यंदा राजा उमरेडून आणला. राजा असाच पायजे, बाई."

सगळी माणसं त्या मिशांकडे आणि फेट्याकडे अशी पाहू लागली, की झिबलाजी जागच्या जागी थबकले. पाटील म्हणून लोक त्यांना घाबरत असत. असं त्यांच्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कोट खाली ओढला आणि विचारलं, "राजाले बोलाचं किती असते?"

लटारूने आपल्या बसलेल्या घशाकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर करून खूण केली, की एकच प्रवेश करा, लोक जातील. नाटक सगळं पाठ असलेलं माणूस घरात एकच होतं. भैयाजींनी कमळेला मागच्या बाजूने मोटारीत नेऊन टपाखाली बसवलं. ती आतून सांगेल तसं झिबलाजींनी बोलायचं ठरलं.

झिबलाजी कैलासापुढे उभे राहिले. "प्रधानजी," त्यांनी आवाज लावला, आणि तो आवाज वेशीपर्यंत गेला. एक बैलसुद्धा हलला नाही. लोकांच्या माना आपोआप खाली गेल्या. झिबलाजी स्वतःच्या आवाजाने स्वतःच भारावले. दुसरं वाक्य त्याहून भारी झालं, तिसरं त्याहून. चौथ्याला टाळ्या एवढ्या झाल्या की टपाखालचं काही ऐकू येईना.

राजाने हात वर केला. टाळ्या थांबल्या. मग तो कैलासाकडे वळून वाकला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जरा मोठ्यानं सांग, सूनबाई."